चांगुलपणाचा आळ

४ मार्च १९९५, शनिवार

शेवटी आज आमच्या घरी मराठी उपासना सुरू झाली. लखनौत येऊन नऊ वर्षं झाली, पण माझी प्रार्थना अजून मराठीतच होते. चर्चमध्ये पास्टर साहेब ‘धार्मिकता’ म्हणाले की मी मनात आधी ‘नीतिमत्त्व’ असं करून घेते, तोवर ते दोन वाक्यं पुढे गेलेले असतात. म्हणून वर्षभर सगळ्यांच्या मागे लागून हे जमवलं. ईस्टरपर्यंतचे सगळे शनिवार, अलीगंजमधल्या आमच्या बैठकीत.

चार घरं आली, सगळी मूळची नगर-जालन्याकडची. हरिहरकाकांनी दारातूनच मोठ्याने “सलाम!” म्हटलं आणि शेजारचे मिश्राजी नेहमीप्रमाणे चमकून बघत राहिले. आपल्याकडचे ख्रिस्ती लोक एकमेकांना सलाम करतात, हे त्यांना नऊ वर्षांत पटलेलं नाही. काका फौजेच्या बँडमधून निवृत्त झाले, पेटी तेच वाजवतात. या गावात मला माहेर म्हणून जे काही आहे ते काका आणि यमुनाकाकू.

प्रतिमा अर्थातच उशिरा आली. निळी कायनेटिक फाटकापाशी लावून, ओले केस तसेच सोडून. ती माझ्याच शाळेत चित्रकला शिकवते. नवरा एअरफोर्समध्ये, सध्या आसामात. मीच तिला या मंडळीत आणलं, मीच तिला रविवारच्या शाळेत मुलांना शिकवायला लावलं. बाई धांदरट आहे, पण मनाने स्वच्छ.

विषय मी निवडला आहे : आरोपित नीतिमत्त्व आणि त्याचे आध्यात्मिक लाभ. रमाकांत म्हणाले, “पहिल्याच दिवशी एवढं जड? लोक चहाला तरी थांबतील का?” हे रेल्वेत पूल बांधतात, यांना एरवी काही जड वाटत नाही. थांबले सगळे. अकरावीची परीक्षा तोंडावर असून आमची सलोनीसुद्धा बसली.

११ मार्च, शनिवार

आज साध्या शब्दांत मांडलं. आपण कितीही धडपडलो तरी देवासमोर ताठ उभं राहण्याइतके चांगले होत नाही. ख्रिस्त निर्दोष. त्याने आपला दोष स्वतःवर घेतला आणि त्याचं चांगलेपण आपल्या नावावर गणलं गेलं. आपण नीतिमान झालो असं नाही, नीतिमान ठरवले गेलो. मग मनाला शांती, देवापुढे न भिता जाता येणं, ‘तू दोषी’ हा शब्द कायमचा मागे घेतला जाणं, हे सगळे त्याचे लाभ.

मी रंगात आले होते आणि प्रतिमा मध्येच म्हणाली, “ताई, आरोप म्हणजे आळच ना हो? मग हा चांगुलपणाचा आळ झाला की! जे चांगलं आपण केलंच नाही त्याचा आळ आपल्यावर.” सगळे खो खो हसले. मी सांगितलं की आरोप म्हणजे मुळात वर ठेवणं, वृक्षारोपणातला तो. पण एकदा हशा झाल्यावर कोण ऐकतंय. प्रत्येक गोष्टीचा विनोद केला नाही तर हिला जेवण पचत नाही.

सलोनीने मात्र शहाण्यासारखं विचारलं, “मम्मी, तो जिसकी गलती थी, उसको कुछ नहीं करना पड़ता?”

“विश्वास ठेवायचा.”

“बस?”

“बस.”

काका पेटीवरची बोटं न उचलता म्हणाले, “पोरी, तेवढंच तर अवघड असतं.”

२१ मार्च, मंगळवार

काकांना आज दुपारी स्कूटरने उडवलं. अलीगंजच्या भाजीबाजारामागच्या गल्लीत. खुब्याचं हाड मोडलं आहे, ऑपरेशन करावं लागेल म्हणतात. बहात्तर वर्षांचा माणूस, सलोनीसाठी ताजे मटार घ्यायला मुद्दाम निशातगंजहून इकडे आला होता.

भाजीवाला भैया सांगत होता, “नीली काइनेटिक थी बहनजी. कोई लेडीज़ थी, मुँह पर दुपट्टा बाँधे. रुकी, पीछे मुड़ के देखा, फिर भगा ले गई.” न बघता गेली असती तर एक वेळ समजले असते. बघितलं, आणि मग गेली. असं माणूस कोणत्या आईच्या पोटी जन्माला येतं!

२३ मार्च, गुरुवार

ऑपरेशन झालं. काका शुद्धीवर आहेत, पोलिसांत जायचं नाही म्हणतात. प्रतिमा काल हॉस्पिटलातून माझ्याबरोबर घरी आली, चहा घेतला, जवळजवळ बोललीच नाही. तिचं काकांवर फार प्रेम.

सलोनीने तर मला थक्क केलं. काल आणि आज शाळेतून थेट हॉस्पिटलात, काकांना चमच्याने डाळ भरवणं, काकूंचे पाय दाबणं. तिचं स्वतःचंच कोपर खरचटलेलं आहे, बॅडमिंटन खेळताना पडली म्हणे, पण त्याचं काही नाही तिला. वॉर्डातल्या बायका म्हणाल्या, “बहनजी, बेटी हो तो ऐसी.” माझे डोळे भरून आले. मुलांना शब्दांनी शिकवावं लागत नाही, घरातलं वळण आपोआप उतरतं. परीक्षेच्या ताणाने तिचं जेवण मात्र तुटलं आहे.

२५ मार्च, शनिवार

लिहावंसं वाटत नाही, पण लिहिल्याशिवाय डोकं शांत होणार नाही.

आज उपासना काकांसाठी प्रार्थनेची ठेवायची होती. गीतांची पुस्तकं प्रतिमाकडे होती म्हणून मी आणि सलोनी आणायला गेलो. तिच्या अंगणात कायनेटिक जुन्या चादरीखाली झाकून ठेवलेली. स्कूटर काय कोणी झोपवून ठेवतं का? मी चादर उचलली. पुढचा दिवा फुटलेला, मडगार्ड चेपलेलं.

मी विचारलं, “प्रतिमा, हे काय?”

तिच्या तोंडावरचा रंग उडाला. माझ्याकडे बघायची हिंमत नव्हती. माझ्या मागे सलोनी पुस्तकं घेऊन उभी होती, तिच्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “मीच होते, ताई.”

सलोनीच्या हातातली पुस्तकं खाली पडली. लेकराला केवढा धक्का बसला असेल.

आता सगळं आठवतंय. त्याच दुपारी मी तिला घरी फोन केला होता, याच पुस्तकांसाठी. पहिल्याच घंटीला उचलला आणि हसत हसत बोलली, फोडणी करपतेय म्हणाली. काकूंच्या सांगण्यावरून अपघात तेव्हाचाच. म्हणजे म्हाताऱ्या माणसाला रस्त्यात टाकून आली आणि फोडणी देत बसली! दुसऱ्या दिवशी माझ्या हातचा चहाही प्याली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. दहा माणसांत जिला मी धाकट्या बहिणीसारखी वागवलं तिने मला मूर्ख ठरवलं.

२६ मार्च, रविवार

प्रतिमा हॉस्पिटलात जाऊन काकांची माफी मागून आली. काकांनी देऊनही टाकली. त्यांचं हाड, त्यांची माफी. माझा विश्वास मोडला त्याची माफी माझ्याकडे मागायला हवी होती. मागितली, पण कशी? “ताई, तुम्हाला वाईट वाटलं त्याबद्दल मला फार वाईट वाटतं.” ही माफी झाली की हवामानाचा अंदाज?

१ एप्रिल, शनिवार

तिला येऊ नकोस म्हणून कळवलं होतं. आज मी हेच शिकवलं की देवाने नीतिमान गणलं म्हणजे काहीही करून मोकळं, असं नव्हे. कृपा म्हणजे पांघरूण नाही, की खाली वाटेल ते लपवा. सगळे गंभीर होऊन ऐकत होते. पेटीशिवाय गाणी फार भकास वाटली.

सलोनी बसली नाही. “सिर में दर्द है.” रमाकांतही मध्येच उठून गेले. नंतर कळलं की प्रतिमाची कायनेटिक हे स्वतः गॅरेजात देऊन आले. मी म्हटलं, “एवढा पुळका?” तर म्हणाले, “एकटी बाई आहे.” एकटी आहे म्हणून माणसं तुडवत फिरायची मुभा आहे का?

५ एप्रिल, बुधवार

पास्टर साहेबांकडे गेले होते. माझं म्हणणं सरळ आहे. मुलांना शिकवणारी बाई अशी वागते, तर तिने चर्चसमोर उभं राहून कबूल करावं. तोवर रविवारची शाळा नाही आणि प्रभुभोजनाची भाकरही नाही. पास्टर साहेब म्हणाले, “सिस्टर, हरिहर जी ने तो माफ़ कर दिया.” मी म्हटलं, “हरिहर जी संत हैं, चर्च को तो नियम से चलना पड़ेगा.” नाइलाजाने कबूल झाले.

प्रतिमाला बोलावलं. ती सगळ्याला तयार, फक्त चर्चसमोर बोलायला तयार नाही. “देवाच्या घरात उभं राहून ते माझ्याच्याने म्हणवणार नाही, ताई. तुम्ही दुसरं काहीही सांगा.” बघा, एवढं होऊनही ताठा गेलेला नाही. उद्या शाळेतली मुलंही हिचं नाव घेऊन हसतील, तरी चालेल, पण मान वाकवायची नाही.

घरी आल्यावर रमाकांत म्हणाले, “सुचित्रा, इतका पिच्छा पुरवू नकोस. पुढे तुलाच जड जाईल.” मला का जड जावं? चर्चमधल्या बायका म्हणतात, सुचित्रा सिस्टर मैत्री बघत नाहीत, न्याय बघतात. ऐकून बरं वाटलं, का नाही म्हणू.

९ एप्रिल, झावळ्यांचा रविवार

सगळी मुलं झावळ्या हलवत गेली. सलोनीने घेतली नाही. प्रतिमा शेवटच्या बाकावर एकटी होती, तिथून सलोनीकडे बघून हसली. मी सलोनीला उठवून भिंतीच्या बाजूला बसवलं. काका घरी आलेत, पण अजून पलंगावरच. त्यांनी निरोप पाठवला, प्रतिमाला माझ्याकडे पाठव, तिच्याशिवाय पत्त्यांत कोणी फसवायला भेटत नाही.

१३ एप्रिल, गुरुवार

काय लिहू?

आज संध्याकाळी प्रभुभोजन होतं. एकेक ओळ पुढे जात होती. प्रतिमा मागे बसून राहिली, सगळ्यांनी पाहिलं. मी वेदीपाशी गुडघे टेकले, शेजारी सलोनी. भाकर तिच्यासमोर आली आणि ती उठली. सरळ मागे चालत गेली, प्रतिमाच्या बाकावर बसली आणि तोंड झाकून रडायला लागली. मला वाटलं, कोवळं मन, मैत्रिणीसारख्या मावशीची दया आली.

घरी येऊन तिने पाणीही घेतलं नाही. बैठकीत उभ्याउभ्या म्हणाली, “मम्मी, मौसी नहीं थी. मैं थी.”

मला कळेना. मी म्हटलं, “कुठे?”

“स्कूटर पे. चाबी मौसी ने दी थी, फाइल की फोटोकॉपी करवानी थी. अंकल अचानक सामने आ गए. मैंने देखा अंकल हैं, और मैं डर गई. मैं भाग गई, मम्मी.”

मी रमाकांतांकडे पाहिलं. वाटलं, हे ओरडतील, विचारतील. हे खाली बघत होते. मग म्हणाले, “मला दुसऱ्या दिवशी सांगितलं होतं तिने.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा घालणारी बाई मी. तीन आठवडे या घरात माझी मुलगी, माझा नवरा आणि माझी मैत्रीण मिळून मला फसवत होते. मी प्रार्थना सांगायची आणि यांनी डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायचं! एकाने विश्वासघात केला तर दुसऱ्याच्या खांद्यावर रडता येतं. इथे तिघेही तेच. मी कुठे जाऊ? काकांकडे तरी कोणत्या तोंडाने जाऊ?

१४ एप्रिल, उत्तम शुक्रवार

सकाळीच प्रतिमाकडे गेले. मी चिडूनच गेले होते. तिने दार उघडलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, “सांगितलं वाटतं पोरीने. बरं झालं. बसा.”

“तुला कोणी सांगितलं होतं हे उपद्व्याप करायला? माझ्या घरातली गोष्ट माझ्यापासून लपवायचा तुला काय अधिकार?”

“किल्ली मी दिली होती, ताई. लायसन नसताना शिकवतही मीच होते, तुमच्या नकळत. मला अगदी निर्दोष समजू नका.”

“पण धडक तू दिली नव्हतीस! पळणारी तू नव्हतीस!”

“ती माझ्याकडे धावत आली तेव्हा तिचे दात वाजत होते. एकच वाक्य म्हणत होती, मम्मी को मत बताना. पोलिसांचं नाव नाही, काकांचं नाही. नुसतं मम्मी को मत बताना. मग तुम्ही चादर उचललीत, मागे ती उभी. माझ्या तोंडून निघून गेलं.”

“आणि मग? मी तुला मुलांपासून तोडलं, प्रभुभोजनापासून तोडलं. तरी गप्प बसलीस?”

ती अगदी साधेपणाने म्हणाली, “तुम्ही शिकवत होतात ते मला खरं वाटलं, ताई.”

माझ्या कानशिलात मारली असती तरी इतकं लागलं नसतं. तिने टोमणा मारला असता तर मी उत्तर दिलं असतं, मला उत्तरं सुचतात. ती मारत नव्हती. गेले तीन आठवडे चर्चमध्ये मी जो मान मिरवला, न्यायी बाई, चांगल्या मुलीची आई, तो माझा नव्हताच. तो हिने माझ्यावर पांघरला होता आणि माझ्या घराची लाज स्वतःवर घेतली होती. मला याचा आनंद व्हायला हवा ना? लाभ म्हणून मी शिकवते ते हेच. पण मला आनंद झाला नाही. मला राग आला. न मागता दिलेलं एवढं मोठं काही घेणं म्हणजे आपण भिकारी होणं, हे मी कधी कोणाला शिकवलं नाही, कारण मला ते ठाऊकच नव्हतं.

मी उठले. म्हटलं, “आज तीन तासांची उपासना आहे. मी उभी राहून सगळं सांगते.”

“कोणासाठी?”

“सत्यासाठी!”

“सलोनी सांगेल की. तिला काकांना सांगायचंय, कालच म्हणाली मला, बाकावर. तुम्ही सांगितलंत तर तेही चांगलं काम तुमच्याच नावावर जाईल.” हे म्हणताना मात्र ती हसली. मेली.

दुपारी चर्चमध्ये मी तीन तास ओठ मिटून बसले. इतकी कठीण उपासना मी आजवर केली नव्हती. प्रतिमाच्या बाकावर बसले, तिने सरकून जागा दिली.

१५ एप्रिल, शनिवार

सलोनी आणि मी निशातगंजला काकांकडे गेलो. तिने मला आत येऊ दिलं नाही. “आप बाहर बैठिए, प्लीज़.” मी यमुनाकाकूंबरोबर ओट्यावर बसले. काकू लसूण सोलत होत्या, मीही सोलू लागले. आतून तिचं हुंदके देत बोलणं, आणि मग काकांचा आवाज.

“माफी तर मी केव्हाच देऊन बसलोय, पोरी. नाव तेवढं चुकीचं होतं. आता ते नीट करून घे आणि पेटी इकडे सरकव, उद्या ईस्टर आहे.”

काकूंनी पदराने डोळे पुसले. मला वाटतं त्यांना आधीपासून काहीतरी संशय होता, पण मी विचारलं नाही. उद्या चर्च सुटल्यावर पास्टर साहेबांनाही सलोनी स्वतः सांगणार आहे, प्रतिमासमोर. अजून कोणाकोणाला काय कळेल आणि लोक माझ्याबद्दल काय म्हणतील, ते मला दिसतंय. बोलू देत.

परत येताना बाजारात आम्ही ऑटोसाठी थांबलो. सलोनीचा चेहरा कितीतरी दिवसांनी उतरलेला नव्हता. मला तिला पोटाशी धरायचं होतं, पण आतला काटा जाईना. ती प्रतिमाकडे धावली, बापाला सांगितलं. मग मी कोण? रस्त्यातच विचारलं, “त्या दिवशी तू माझ्याकडे का नाही आलीस?”

तिला राग आला नाही. खरंच विचार करून तिने मला उलट विचारलं, “आती, तो आप क्या करतीं?”

जवळ घेतलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. ते खोटं झालं असतं. मी तिला हात धरून त्याच पावली हॉस्पिटलात नेलं असतं, वॉर्डात सगळ्यांसमोर उभं केलं असतं, आणि घरी येऊन महिनाभर तिच्याशी बोलले नसते. ते तिलाही माहीत होतं आणि मलाही. जन्मात खोटं बोलले नाही, याचा मला केवढा अभिमान. आज भर रस्त्यात पोटच्या पोरीसमोर उभी राहून, तेवढं एक खोटं मला बोलता यावं म्हणून मी देवाची विनवणी करत होते.

सलोनीने थोडा वेळ वाट पाहिली. मग ऑटोला हात केला.